पैसे तर आपण देतोच

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 या वर्षात भारतात आरोग्यावर सुमारे नऊ लाख कोटी रुपये खर्च झाले. त्यांपैकी साडेतीन लाख कोटींहून अधिक, म्हणजे दर शंभर रुपयांतले 39, लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरले. डॉक्टरांची फी, औषधाच्या दुकानातले बिल, रक्ताच्या तपासण्या, रुग्णालयाच्या खिडकीवर भरायची अनामत, असे या रकमेचे रोजचे रूप असते. देशाच्या लोकसंख्येने तिला भागले तर माणशी वर्षाला सुमारे 2,600 रुपये येतात. पाच जणांच्या घराला महिन्याला अकराशेच्या आत. एवढे तर बहुतेक घरांना झेपावे, असे कुणालाही वाटेल. अडचण अशी की सरासरी कुणाच्याच वाट्याला येत नाही. एका घराचे वर्ष खोकल्याच्या बाटलीवर निभावते आणि शेजारच्या घरात एका आजारपणापायी दोन एकरांच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव लागते. 2017-18च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खासगी रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी खर्च, बाळंतपणे वगळून, सुमारे 32 हजार रुपये निघाला. सरकारी रुग्णालयात तो साडेचार हजारांच्या आसपास होता. ग्रामीण भागात दाखल झालेल्यांपैकी साधारण आठांतल्या एकाने हा खर्च मुख्यतः कर्ज काढून भागवला होता. सगळ्यांनी मिळून सहज पेलावे असे ओझे आपण एकेका घरावर कोसळू देतो आणि मग त्या कोसळण्याची किंमत सगळेच मोजतो. या पुस्तकाचा विषय एवढाच आहे.

सार्वत्रिक आरोग्यविम्याची बाजू आपल्याकडे बहुधा करुणेच्या भाषेत मांडली जाते. ती भाषा खोटी नाही, पण अर्थसंकल्पाच्या दिवशी ती तोकडी पडते. तिथे करुणा ही परवडेल तेव्हा करायची गोष्ट ठरते. म्हणून इथली मांडणी हिशेबाच्या भाषेत आहे. सार्वत्रिक सार्वजनिक विमा म्हणजे असा निधी, ज्यात प्रत्येकजण केवळ इथला रहिवासी म्हणून सामील असतो, ऐपतीप्रमाणे पैसे घालतो आणि गरजेप्रमाणे उपचार घेतो. आपल्या गावोगावच्या भिशीशी त्याची तुलना केली तर फरक लगेच कळतो. भिशीत प्रत्येकाची पाळी ठरलेली असते; बारा जणांची भिशी बारा महिन्यांत फिरते आणि घातले तेवढे परत मिळते. आजारपणाची चिठ्ठी कुणाच्या नावाने निघेल हे कुणालाच ठाऊक नसते आणि कित्येकांची ती वर्षानुवर्षे निघतच नाही. अशा भिशीत आपली पाळी येणार नाही असे वाटणारे तरुण, निरोगी लोक बाहेर राहिले तर उरलेल्यांचा हप्ता वाढतो. हप्ता वाढला की त्यांतले बरे असलेले आणखी काही गळतात. शेवटी निधीत फक्त आजारी माणसे उरतात आणि निधी बुडतो. सर्वांना आत घेणे ही या विम्यावर वरून चढवलेली उदारता नव्हे, तो टिकून राहण्याची ती अट आहे.

अर्थशास्त्राला हे कळून आता साठ वर्षे झाली. केनेथ ॲरो यांनी 1963 मध्ये दाखवून दिले की वैद्यकीय सेवा ही भाजीच्या बाजारासारखी विकत घेता येत नाही. आजार कधी येईल हे रुग्णाला माहीत नसते, आणि आल्यावर काय घ्यायचे हे विकणाराच ठरवतो. जॉर्ज अकेरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन सांगितले की एका बाजूला माहिती जास्त असली तर चांगला माल बाजारातून निघून जातो. वृद्धांना विमा मिळणे अवघड का होते, याचे उत्तरही त्यांनी त्याच निबंधात दिले. आपल्या खासगी विम्याच्या कागदांत हे सिद्धान्त रोज दिसतात. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षेचा काळ, साठीनंतर झपाट्याने चढणारा हप्ता, मधुमेह असलेल्याला जादा आकारणी किंवा सरळ नकार या गोष्टी कंपन्यांच्या दुष्टपणातून येत नाहीत. आजारी माणूस टाळला नाही तर स्पर्धेत टिकता येत नाही, म्हणून त्या येतात. टाळण्याच्या या कामाला पैसे लागतात. फक्त आरोग्यविमा विकणाऱ्या भारतीय कंपन्यांकडे गेल्या काही वर्षांत जमलेल्या हप्त्यांच्या दर शंभर रुपयांतले साधारण साठ-पासष्ट रुपयेच दाव्यांवर खर्च झाले. बाकीचे दलाली, जाहिरात, छाननी, कार्यालये आणि नफा यांत गेले. ज्याला सर्वांनाच घ्यायचे आहे त्या निधीला यांतला बराचसा खर्च करावाच लागत नाही.

या फरकाचा मोठा प्रयोग जगाने उघड्यावर पाहिला आहे. 1970च्या सुमारास कॅनडा आणि अमेरिका हे दोन्ही देश आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा सात टक्क्यांच्या आसपास भाग आरोग्यावर खर्च करत होते. कॅनडाने त्याच सुमारास सर्व प्रांतांत सार्वजनिक विमा लागू केला. त्याची सुरुवात टॉमी डग्लस यांच्या सस्कॅचवान प्रांताने 1947 मध्ये रुग्णालयांच्या विम्याने केली होती आणि 1962 मध्ये डॉक्टरांचा संप सोसून ती पुढे नेली होती. अमेरिकेने वृद्ध आणि गरीब यांच्यासाठी वेगळ्या योजना काढल्या आणि बाकीच्यांना नोकरी व बाजार यांच्यावर सोडले. आज अमेरिकेचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 17 टक्के आहे, कॅनडाचा बारा टक्क्यांच्या आसपास. आणि कॅनडातला माणूस सरासरीने काही वर्षे जास्त जगतो. आयुर्मान फक्त डॉक्टरांच्या हाती नसते, हे मान्य. पण खर्चातल्या तफावतीचा एक भाग सरळ मोजलेला आहे: 1999च्या आकडेवारीवर आधारलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात अमेरिकेच्या आरोग्यखर्चातला 31 टक्के वाटा नुसत्या प्रशासनाचा निघाला, कॅनडात तो 17 टक्क्यांच्या आत होता. शेकडो कंपन्या, शेकडो प्रकारचे अर्ज आणि दर दाव्यामागची हुज्जत यांचा हा हिशेब आहे. तैवानने 1995 मध्ये विखुरलेल्या योजना एकत्र करून एकच राष्ट्रीय विमा उभारला. त्यांचा प्रशासकीय खर्च दोन टक्क्यांच्या आत राहिला आहे.

दुसरा फायदा सौद्याचा. खाटेवर आडवा पडलेला माणूस घासाघीस करू शकत नाही. त्याच्या नातेवाइकांची तर सही कुठे करायची एवढीच विचारण्याची तयारी असते. लाखो लोकांच्या वतीने खरेदी करणारा एकच ग्राहक मात्र दर ठरवू शकतो. आपल्याकडे राष्ट्रीय औषध किंमत नियामकाने फेब्रुवारी 2017 मध्ये औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपयांवर आणली. त्याआधी त्याच वस्तूसाठी रुग्णाकडून लाख-सव्वा लाखही घेतले जात होते. हे काम किमतीच्या हुकमाने झाले, खरेदीने नव्हे. आणि हुकूम चुकवायला वाटा सापडतात, एका वस्तूचा दर बांधला की दुसऱ्या वस्तूचा वाढतो. संपूर्ण उपचाराची किंमत ठरवणारा मोठा खरेदीदार असला तर ही पळवाट अरुंद होते. आणि तो खरेदीदार त्याच माणसांना पुढची तीस वर्षे सांभाळणार असेल, तर त्याला आणखी एक गोष्ट परवडते, जी खासगी कंपनीला सहसा परवडत नाही: आजार होण्याआधी पैसे खर्च करणे. यंदा रक्तदाबाच्या गोळ्यांवर घातलेल्या पैशाचा फायदा दहा वर्षांनी टळलेल्या डायलिसिसच्या रूपाने मिळतो. तोवर ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे गेलेला असेल तर आज तो पैसा कुणी घालावा?

हे सगळे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, हा सर्वांत जुना आक्षेप. त्याचे उत्तर थायलंडने दिले. 1997च्या आर्थिक संकटातून तो देश नुकता सावरत होता, दरडोई उत्पन्न वर्षाला दोन हजार डॉलरच्या आसपास होते आणि जवळपास तिसरा हिस्सा लोक कोणत्याही विम्याबाहेर होते. 2002 मध्ये त्याने सरकारी नोकर आणि संघटित कामगार सोडून उरलेल्या सर्वांना एका योजनेत घेतले. रुग्णाने भेटीला 30 बाट द्यायचे, बाकी खर्च करांतून. योजनेने पहिल्या वर्षी माणशी 1,202 बाट इतकी रक्कम धरली आणि तिचा मोठा भाग तालुका पातळीवरच्या सरकारी रुग्णालयांना नोंदलेल्या माणसांच्या संख्येनुसार दिला. जास्त तपासण्या केल्या म्हणून जास्त पैसे, ही वाट त्यामुळे मोठ्या प्रमाणात बंद झाली. एकूण खर्चातला खिशातला वाटा सुमारे एक तृतीयांशावरून दहा टक्क्यांच्या जवळपास आला, आणि तरी आरोग्यावरचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार-पाच टक्क्यांच्या घरातच राहिला. जोनाथन ग्रुबर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार या सुधारणेनंतर गरिबांमधले अर्भकमृत्यू घटले आणि गरीब-श्रीमंत प्रांतांतली दरी कमी झाली. भारताचे आजचे दरडोई उत्पन्न, डॉलरच्या आकड्यात, थायलंडच्या तेव्हाच्या उत्पन्नाहून कमी नाही.

आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही. 1883 मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीने कामगारांचा आजारविमा काढला आणि 1942 मध्ये ब्रिटनमध्ये बेव्हरिज अहवाल आला. जवळपास त्याच वेळी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, प्रा. बी. पी. अदारकर यांना औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले. त्यांच्या 1944च्या अहवालावर 1948चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. 1946च्या भोर समितीने तर पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांविना राहू नये हे तत्त्वच घालून दिले. पुढचा प्रवास तुकड्यातुकड्यांचा झाला. कारखान्यातल्या कामगाराला एक योजना, केंद्रीय कर्मचाऱ्याला दुसरी, 2008 मध्ये दारिद्र्यरेषेखालच्यांना तिसरी, 2018 मध्ये प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत तळच्या चाळीस टक्क्यांना कुटुंबामागे पाच लाखांचे संरक्षण. गोव्याने 2016 मध्ये, किमान पाच वर्षे तिथे राहणाऱ्यांना उत्पन्नाची अट न घालता विमा दिला. महाराष्ट्राने 2012 मध्ये सुरू केलेली आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव दिलेली योजना सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय 2023 मध्ये घेतला. तरीही निती आयोगाच्या 2021च्या अहवालानुसार देशातले किमान तीस टक्के लोक, म्हणजे सुमारे चाळीस कोटी, कोणत्याच छत्राखाली नव्हते. सरकारी यादीत बसण्याइतके ते गरीब नाहीत आणि पॉलिसी घेण्याइतके सधन नाहीत. रिक्षाचालक, छोटे शेतकरी, दुकानातले नोकर, कंत्राटी शिक्षक, सगळे यात आले.

यादी करून गरिबांनाच द्या, श्रीमंतांना कशाला, हा आक्षेप इथेच तपासावा. 2018ची योजना सुरू झाली ती मुख्यतः 2011च्या सामाजिक-आर्थिक गणनेच्या यादीवर. सात वर्षांत किती घरे खाली घसरली याची त्या यादीला खबर नव्हती. अनिरुद्ध कृष्ण यांनी राजस्थान, गुजरात, आंध्र प्रदेश आदी ठिकाणी हजारो घरांचा मागोवा घेतला, तेव्हा गरिबीत ढकलले जाण्याचे सर्वांत मोठे कारण आजारपण आणि त्यावरचा खर्च हेच निघाले. म्हणजे आज यादीबाहेर असलेले घर ज्या घटनेमुळे उद्या यादीत येणार, तीच घटना टाळायला ही यादी निरुपयोगी. शिवाय फक्त गरिबांसाठी चालवलेली सेवा लवकरच हलकी होते. तिथे रांग लांबली तर ओरडायला वजनदार माणूस नसतो. श्रीमंत माणूस आत असला की तो कर जास्त भरतो आणि तक्रारही मोठ्याने करतो. दोन्ही गोष्टी निधीच्या कामाच्या आहेत.

पैसा कुठून येईल, या प्रश्नाचे अर्धे उत्तर सुरुवातीच्या आकड्यात आहे. 2021-22 मध्ये सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 1.84 टक्के होता. 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत अडीच टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. लोकांच्या खिशातून जाणारी रक्कम त्याच वर्षी सुमारे दीड टक्का होती. ती आजारपणाच्या रात्री देण्याऐवजी आधीच, कररूपाने, गोळा झाली असती तर एकूण खर्चात एका रुपयाचीही भर न पडता सार्वजनिक वाटा तीन टक्क्यांच्या पुढे गेला असता. अर्थात, दार उघडले की आज उपचारच न घेणारे लोकही येतील आणि खर्च काही प्रमाणात वाढेल; पण त्या वाढीसाठीच तर ही खटपट. पगारातून कापणीचा जर्मन मार्ग आपल्याला पुरणार नाही, कारण आपल्याकडचे बहुसंख्य कामकरी असंघटित आहेत आणि त्यांची पगारपत्रकेच नाहीत. म्हणून आधार करांचाच घ्यावा लागेल. महाराष्ट्राला यात नवे काही शिकायचे नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1972च्या दुष्काळात पसरलेल्या रोजगार हमी योजनेसाठी राज्याने 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराच्या कापणीतून खेड्यातल्या मजुराची मजुरी निघू लागली. 1977 मध्ये त्या हमीचा कायदा झाला आणि 2005 मध्ये देशाने तो मार्ग धरला. ठराविक कामासाठी ठराविक कर लावला आणि त्याचे फळ दिसले, तर लोक तो भरतात, हा धडा इथल्याच मातीतला आहे.

फुकट मिळाले की लोक उधळतील, हा अर्थशास्त्रज्ञांचा आवडता आक्षेप आणि तो हवेतला नाही. अमेरिकेत रँड संस्थेने 1974 ते 1982 या काळात हजारो लोकांवर प्रयोग केला. ज्यांना सगळे मोफत होते त्यांनी खर्चाचा वाटा उचलणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त सेवा घेतल्या, आणि सरासरी माणसाच्या प्रकृतीत फारसा फरक पडला नाही. पण त्याच प्रयोगाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. पैसे भरावे लागले तेव्हा लोकांनी अनावश्यक उपचारांसोबत आवश्यक उपचारही सोडले, आणि गरीब रक्तदाबग्रस्तांची प्रकृती मोफत गटात अधिक चांगली राहिली. रुग्णाला आपले कोणते दुखणे किरकोळ आणि कोणते जीवघेणे हे कळत नाही. ते कळण्यासाठीच तो डॉक्टरकडे जातो. शिवाय उधळपट्टीचा निर्णय बहुतेक वेळा लिहून देणारा घेतो. सीटी स्कॅन हौसेने कुणी करवून घेत नाही. म्हणून लगाम घालायचा तो पैसे देण्याच्या पद्धतीला, रुग्णाच्या खिशाला नव्हे.

इथूनच सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो सार्वजनिक आरोग्याच्या कार्यकर्त्यांकडून येतो: विमा म्हणजे करदात्यांचा पैसा खासगी रुग्णालयांच्या घशात घालणे, त्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रे सुधारा. आपल्या योजनांच्या आजच्या रूपाबद्दल हा आक्षेप बराचसा खरा आहे. त्या प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या ठराविक उपचारांचे पैसे देतात. घरे मात्र पोखरली जातात ती दर महिन्याच्या औषधांनी आणि बाह्यरुग्ण तपासण्यांनी. मधुमेहाच्या गोळीला पैसे नाहीत आणि पाय कापायच्या शस्त्रक्रियेला आहेत, अशी व्यवस्था हिशेबाच्या कोणत्याच कसोटीवर टिकत नाही. गैरव्यवहारही आहेत, महालेखापालांच्या 2023च्या अहवालात जन आरोग्य योजनेचे सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले सापडले. पण यातून निघणारा निष्कर्ष विमा नको असा नाही. थायलंडचा विमा ही सरकारी दवाखान्यांना माणसामागे हमखास पैसा पोचवण्याची व्यवस्था आहे. तिथे सरकारी रुग्णालय आणि विमा हे दोन पर्याय नाहीत; एक सेवा देतो, दुसरा तिचे बिल चुकते करतो. आपल्या ग्रामीण रुग्णालयाला औषधे संपल्यावर पुढच्या अनुदानाची वाट पाहावी लागते, ती अशा व्यवस्थेत पाहावी लागणार नाही. आणि एकाच क्रमांकावरचे लाखो लाभार्थी सापडले, कारण त्या वह्या सार्वजनिक लेखापरीक्षणाखाली होत्या. रोखीने दिलेल्या डॉक्टरांच्या फीचे लेखापरीक्षण कोण करतो?

रांगा लागतील, हेही खरे आहे. कॅनडात गुडघा बदलायला महिनोन्महिने थांबावे लागते आणि तिथले लोक त्यावर मनापासून चिडतात. मात्र रांग प्रत्येक व्यवस्थेत असते. काही ठिकाणी ती गरजेप्रमाणे लागते आणि दिसते. काही ठिकाणी ती पैशांनी लागते आणि जे तिच्यात उभेच राहू शकत नाहीत ते मोजले जात नाहीत. न मोजलेल्या रांगेचा खर्चही अर्थव्यवस्थेलाच बसतो. अर्धवट सोडलेल्या क्षयरोगाच्या उपचाराने आजार दहा जणांत पसरतो. बापाच्या आजारपणात शाळा सोडलेल्या मुलीची कमाई पुढची चाळीस वर्षे कमी राहते. बैल विकलेल्या घराचा पुढचा हंगाम पडीक जातो. विमा हप्त्यांचा हिशेब मांडताना हे आकडे कुणाच्याच खतावणीत येत नाहीत, म्हणून सध्याची पद्धत स्वस्त भासते.

पुढील प्रकरणे या प्रत्येक मुद्द्याला सावकाश भिडतात: जोखमीचा एकत्रित निधी, दर ठरवण्याची रीत, करांची जुळणी, केंद्र-राज्य वाटणी, खासगी सेवेचे स्थान. त्यांत आकडे पुष्कळ आहेत आणि काही ठिकाणी ते एकमेकांशी भांडतातही. वाचकाने प्रत्येक योजनेपाशी थांबून एक गोष्ट तेवढी तपासावी: या योजनेत पैसा कधी दिला जातो, सगळे धडधाकट असताना थोडाथोडा, की कुणीतरी खाटेवर असताना एकदम? पहिल्या पद्धतीत माणशी वर्षाला 2,600 रुपये हा हप्ता असतो. दुसऱ्या पद्धतीत तीच रक्कम एखाद्या घराची जमीन होते.